शून्यावर आलेला काटा

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं होती आणि रांग कारखान्याच्या फाटकापासून पार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. कुणाच्या हातात छोटी बाटली, कुणाच्या हातात कागदाची पुडी. एका आजोबांनी तर चष्म्याचं रिकामं घर आणलं होतं. कपाटं आणि पेट्या बनवणारा हा कारखाना. इतकी माणसं इथं कपाटं घ्यायला जन्मात आली नव्हती. ती आली होती एका खुर्चीसाठी.

खुर्ची तरी कसली? एक पाय दुरुस्त केलेला, पाठीला फळीचा तुकडा ठोकलेला. भुसा ओढायच्या मशीनशेजारी ती वर्षानुवर्षं होती आणि तिच्यावर कारखान्याचे जुने फोरमन बसायचे, ज्यांना सगळे काका म्हणत. काकांना जाऊन चार महिने झाले होते. आता खुर्चीभोवती दोरी बांधली होती आणि दोरीच्या आत पांढरे कपडे घातलेला एक माणूस डोळे मिटून उभा होता.

ठीक आठ वाजता मशीन सुरू झालं. घरघर वाढली, वरची कापडी पिशवी फुगली, आणि छतातल्या काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात काहीतरी चमकायला लागलं. बारीक, मऊ, सोनेरी. कसलीही घाई नसल्यासारखं ते खाली आलं आणि बरोब्बर काकांच्या खुर्चीवर बसलं.

"कृपा," पांढऱ्या कपड्यांतला माणूस म्हणाला.

"कृपा," रांग म्हणाली.

फाटकाशी उभी असलेली एक बाई मात्र काही म्हणाली नाही. ती रांगेत नव्हतीच. कामावर आली होती आणि तिला आत शिरायला वाट मिळत नव्हती. करवतींना, रंध्यांना, पटाशींना धार लावायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे धारवाली म्हणत, आणि तोंडावर ताई. सहा आठवड्यांपूर्वी रंध्याच्या पात्यानं तिचा उजवा तळहात फाडला होता. टाके, पट्ट्या, घरी बसून राहणं. आज कामाचा पहिला दिवस.

तिनं खुर्चीकडे बघितलंच नाही. तिनं मशीनवरच्या गोल मीटरकडे बघितलं. मशीन चालू होतं आणि काटा शून्याला चिकटला होता.

"पिशवी फाटली की," ती स्वतःशीच म्हणाली.

हे तिला कळलं आणि बाकीच्या दोन-तीनशे माणसांना का कळलं नाही, ते सांगायला हवं. त्यात गुपित काहीच नाही. हे मशीन म्हणजे एक मोठा पंखा. करवतीपाशी, लाकूड घासायच्या सँडरपाशी उडणारा भुसा तो पाइपातून ओढतो. जाड भुसा खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडतो आणि हवा वरच्या कापडी पिशवीतून गाळून बाहेर जाते. बारीक भुकटी कापडाला आतून चिकटते. कापड तुंबत गेलं की आतला दाब वाढतो आणि काटा वर चढतो. काकांनी मीटरवर लाल रंगानं एक रेघ मारून ठेवली होती. काटा रेघेपाशी आला की मशीन बंद करून पिशवी झटकायची. झटकूनही काटा मागं येत नसेल तर पिशवी बदलायची. खालची पिशवी गळ्यापर्यंत भरू द्यायची नाही, नाहीतर तिच्यातलाही भुसा वर जातो. दर शनिवारी हे सगळं बघायचं आणि मशीनच्या पत्र्यावर खडूनं तारीख टाकायची. काकांनी हे कुणाला धड बसून शिकवलं नाही, ही मात्र त्यांची चूक. "मी आहे ना," म्हणायचे. आणि मग एक दिवस ते नव्हते.

त्यांच्या मागं ते काम धारवालीनं घेतलं, कारण काकांच्या हाताखाली राहून तेवढं तिनं बघून बघून उचललं होतं. हात कापल्यावर तिनं ते दादाला सोपवलं. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, याच कारखान्यात तीस वर्षं सँडरवर. हाताला फडकं गुंडाळून दवाखान्यात जाताना ती म्हणाली होती, "दादा, शनिवारी पिशवी." तो म्हणाला होता, "हो गं बाई, तू जा आधी."

तिनं पत्र्याकडे बघितलं. सहाच्या सहा शनिवारच्या तारखा होत्या. अक्षर दादाचंच.

"हे काय चाललंय?" तिनं शेजारी उभ्या असलेल्या पॉलिशवाल्याला विचारलं.

"काटेबाबा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही ओळखता त्यांना. सरसाचे डबे विकायला यायचे."

"ज्याच्या डब्याचं झाकण गळायचं तो?"

"हळू बोला ताई. आता तसं राहिलं नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. ताई घरी बसल्यावर तिसऱ्या आठवड्यात सरसवाला आला. काटा तेव्हा लाल रेघेच्या बोटभर पुढं होता. त्यानं विचारलं, हा काटा काय दाखवतो? कुणाला सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, काका बघायचे तो. सरसवाल्यानं डबा खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बघायचे नाही. बघतात." झालं. माणसं आधीच हळवी झालेली, काका सगळ्यांचे लाडके. दुसऱ्या दिवशी काटा आणखी चढला आणि तो म्हणाला, "बाळांनो, घड्याळाचा काटा वेळ सांगतो, तराजूचा काटा वजन सांगतो, हा काटा ओढ सांगतो. तुमची ओढ वाढतेय. ज्या दिवशी काटा टोकाला भिडेल त्या दिवशी काका देतील." आठवडाभर सगळे काम सोडून काट्याकडे बघत बसले. आणि एका सकाळी, सगळ्यांसमोर, वर कुठंतरी फाटकन आवाज झाला, काटा धाडकन शून्यावर आला आणि खुर्चीवर भुकटी पडली. तिला देवदाराचा घमघमाट येत होता.

"आणि देवदाराच्या पेट्यांचं काम चालू होतं," धारवाली म्हणाली.

तसं म्हटलं तर पॉलिशवाल्याला हे ठाऊक होतं. त्या पेट्यांना पॉलिश त्यानंच केलं होतं.

बाबानं सरस विकता विकता वीस कारखाने पालथे घातले होते. पिशवी तुंबली की फाटते हे त्याला कळत नसेल असं मानायला धारवाली काही दूधखुळी नव्हती. त्यानं तेव्हापासून एकच नियम केला होता: पिशवीला शिवायचं नाही. मालकांनीही तोच हुकूम सोडला होता. आणि लोक ती भुकटी पाण्यातून पीत होते, कपाळाला लावत होते, खोकणाऱ्या पोरांना चाटवत होते. खोकल्यावर ती फार गुणकारी म्हणे.

दोरीच्या अगदी लगत, मानाच्या जागी, तिचा दादा उभा होता. त्यानं चिमूटभर कृपा जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. सहा आठवड्यांत त्याचा शर्ट त्याला दोन मापांनी मोठा होऊ लागला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यापाशी जाऊन बसली.

"दादा, पिशवी फाटलीय."

"हं."

"तू खातोयस तो भुसा आहे. तूच घासलेला."

"तुला सगळं कळतं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढायला आत हवाच नव्हती. "तीनशे माणसं येतात ती काय वेडी आहेत?"

"वेडी नाहीत. त्यांना कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगतेय."

"मला बरं वाटतं त्यानं." तो उठून गेला. दहा पावलं चालला आणि फळ्यांच्या थप्पीला टेकून थांबला.

पुढचे आठ दिवस धारवालीनं एक काम केलं. रोजच्या कृपेचा रंग लिहून ठेवला आणि त्याच दिवशी सँडरवर कुठलं लाकूड आहे तेही लिहून ठेवलं. सोमवारी पिवळसर, सागवान. बुधवारी लालसर, शिसव. शुक्रवारी करडी, कामाला प्लायवूड होतं. बाबा रंगाप्रमाणे भविष्य सांगत होता. करड्या दिवशी म्हणाला, "काका आज उदास आहेत." तिनं ती वही मालकांपुढं ठेवली. मालकांनी पानं चाळली आणि वही परत दिली. "ताई, काका माझ्या वडिलांसारखे होते. तुम्ही यात पडू नका."

मग तिनं डोकं चालवलं. लाकडावर सरळ रेघ उमटवायला सुतार दोरी मारतात, तिला लावायची निळी भुकटी कारखान्यात पोतंभर असते. सोमवारी सकाळी, बाबाच्या आणि अख्ख्या रांगेच्या डोळ्यांसमोर, ती सँडरच्या पाइपापाशी उभी राहिली. "सगळ्यांनी इकडे बघा. ही दोरीची निळी. मी ही या पाइपात टाकतेय." तिनं ओंजळभर निळी आत सोडली. पाइपानं ती गिळली. माणसांनी माना वर केल्या. दहा आकडे मोजायच्या आत उन्हाच्या पट्ट्यात निळा धूर उतरला आणि काकांची खुर्ची निळीशार झाली.

पॉलिशवाल्यानं डोळे मिटून घेतले. धारवालीला वाटलं, सुटले एकदाचे सगळे.

"निळा," काटेबाबा म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. सोंग वठवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आकाशाचा रंग. ताईंनी मनापासून दिलं, काकांनी लगेच परत दिलं. बघितलंत? दिल्याशिवाय मिळत नाही."

रांग पुढं सरकली. सगळ्यांना निळी हवी होती.

धारवालीनं जाऊन मशीन बंद केलं, शिडी ओढली, तरातरा वर चढली. पिशवीचा खालचा पट्टा सैल करून तिनं आत हात घातला आणि शिवण जिथं उसवली होती तिथून तो बाहेर काढला. टाक्यांचे व्रण असलेला तिचा तळहात काकांच्या खुर्चीच्या बरोब्बर वर, पिशवीच्या भोकातून, सगळ्यांकडे बघत होता. तिनं बोटं हलवून दाखवली.

"हे भोक. वीतभर. इथून पडतो तो भुसा. पिशवी झटकली नाही, बदलली नाही, म्हणून शिवण फाटली. ही आंधळ्याच्याही हाताला लागेल. या, कुणीही या, घाला हात."

कुणी आलं नाही. दोन-चार जण खाली बघायला लागले, एका तरुण बाईनं हातातली पुडी हळूच पायाखाली टाकली. पण बाकीचे बाबाकडे बघत होते आणि बाबा हसत होता, लेकराकडे बघून हसतात तसा.

"फाटलंय ना, ताई? मग कृपा यायला वाट नको? बंद पिशवीतून कुणाला काय मिळालंय आजवर?"

भोक आहे हे खोटं म्हणाला असता तर भांडता आलं असतं. त्यानं भोकच खिशात घातलं. रांगेनं सुटकेचा श्वास सोडला, भुसा भरलेला. आणि दादा, मानाच्या जागी उभा असलेला तिचा दादा, एवढा वेळ तिच्या हाताकडे बघत होता, तो मटकन खाली बसला.

त्याच दिवशी तिनं त्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. यावेळी तो नाही म्हणाला नाही. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. तीनदा फुंकूनही यंत्राचा आकडा जागचा हलेना. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला.

"किती वर्षं लाकूड घासताय?"

"तीस."

"तोंडाला मास्क?"

"काकांच्या वेळी लागायचाच नाही. मशीन सगळं ओढून घ्यायचं."

"थोडं आधीपासून होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या दोन महिन्यांत फार घसरलंय. जे गेलं ते परत येणार नाही. औषधानं दम लागणं कमी होईल. आणि त्या कारखान्यात तुम्ही पुन्हा पाऊल टाकायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "ती भुकटी तुम्हीही घेता का? या महिन्यात तुम्ही माझ्याकडचे अकरावे. त्यात चार लहान मुलं."

दवाखान्याच्या जिन्यात दादा तिसऱ्या पायरीवर बसला.

"मी बदललीच नाही गं," तो म्हणाला.

"ते कळलंय मला."

"पहिल्या शनिवारी शिडी लावली. चौथ्या पायरीवर जीव कासावीस झाला. खाली सगळे आपापल्या कामात. कुणाला म्हणू, मला शिडी चढवत नाही? तीस वर्षं झाली मला तिथं. दुसऱ्या दिवशी सँडरवरून काढलं असतं. म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू. आणि खडूनं तारीख टाकली."

"सहा वेळा."

"सहा वेळा." तो खोकून घेऊन पुन्हा बोलला. "मग ते फाटलं आणि सगळे म्हणाले कृपा. तू समज ना. कृपा असेल तर माझी चूक नाही. मी रोज चिमूटभर जास्तच खायचो, म्हटलं खरं होऊ दे. आज तुझा हात बघितला भोकातून आणि…" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चार लहान मुलं म्हणाल्या ना त्या?"

धारवालीला त्याचा राग आला होता आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही. त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात मालकांनी पिशवी बदलायची परवानगी दिली, पण ती काही वहीनं किंवा निळीनं मिळाली नाही. कारखान्याची जागा बाबाला अपुरी पडायला लागली होती आणि जुनी पिशवी त्यानं मागून घेतली. खुर्चीही नेली. आता गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या गोदामात ती पिशवी टांगलेली आहे, खाली पंखा आहे, आणि भुसा तो बाहेरून आणून भरतो. रांग पूर्वीपेक्षा लांब असते. डॉक्टरीणबाईंनी वर कळवलं, दोन माणसं येऊन बघून गेली, जाताना पुड्या घेऊन गेली.

एक दिवस फाटकाशी एक आई आली, कडेवर धापा टाकणारं पोर. "कृपा इथंच मिळायची ना?" धारवालीनं तिला आत नेलं. पिशवी दाखवली, काटा दाखवला, रेघ दाखवली, पोराच्या छातीत काय होतं तेही सांगितलं, दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. बाईनं सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली, कागद नीट घडी करून ठेवला.

"पटलं ताई," ती म्हणाली. "पण आता ते बसतात कुठं?"

ताईनं काही सांगितलं नाही. बाईनं ते बाहेर चहावाल्याला विचारून घेतलं.

दादा घरी असतो. खिडकीपासून मोरीपर्यंत जायला त्याला मध्ये एकदा थांबावं लागतं. दर शनिवारी बहीण घरी आली की तो विचारतो, "पिशवी?"

"झटकली."

"काटा?"

"रेघेच्या आत."

"खरंच?"

"खरंच, दादा."

घरी बसूनच त्यानं एक पाटी लिहिली. एक फळी त्यानंच मागवून घेतली, ब्रश आणि लाल रंगही. सहा ओळी लिहायला त्याला चार दिवस लागले, आणि शेवटच्या ओळीत अक्षरं खाली घसरत गेली आहेत. ती पाटी आता मीटरच्या खाली ठोकलेली आहे. तिच्यावर लिहिलंय:

काटा रेघेपाशी आला की मशीन बंद करा, पिशवी झटका.
तरी मागं आला नाही तर पिशवी बदला.
मशीन चालू असून काटा शून्यावर असेल तर पिशवी फाटली आहे. दुसरं काही नाही.
भुसा खाऊ नका. मुलांना देऊ नका.
खोकला असेल तर डॉक्टरकडे जा.
शिडी चढवत नसेल तर तसं सांगा. लाजू नका.

दादाच्या जागी नवीन सँडरवाला आला, चाळिशीचा, भला माणूस. पहिल्या दिवशी त्याला कुणीतरी सांगितलं की ही पाटी आधीच्या माणसानं आजारपणात लिहिली. तो पाटीपुढं उभा राहिला, चपला काढल्या, बोटं पाटीला टेकवली आणि कपाळाला लावली.

धारवाली पाठीमागंच होती. तिनं त्याचा हात धरून खाली केला.

"पाया पडू नका तिच्या," ती म्हणाली. "वाचा."